लिटल अंदमान बेटावरील आमचा फावला वेळ

दूरच्या प्रवासाहून परत आलेल्या माणसास लोक जे प्रश्न विचारतात, ते बहुधा ठरलेले असतात. समुद्री कासवांच्या अभ्यासाकरितां एक हंगाम लिटल अंदमान बेटावर राहून आम्ही परत आलों, तेव्हां आप्तेष्टांनीं आम्हांस मगरींविषयीं विचारिलें, वादळांविषयीं विचारिलें, आणि कासव केवढें असतें हें हात पसरून दाखवावयास लाविलें. "बाकीच्या वेळांत तुम्ही काय करीत होतां?" हा प्रश्न मात्र शेजारच्या एका लहान मुलीखेरीज कोणींच विचारिला नाहीं. वरवर पाहतां तो पोरकट वाटेल. परंतु आमच्या मतें सर्वांत मार्मिक प्रश्न तोच होता. शास्त्रीय कामासाठीं निर्जन किनाऱ्यावर राहणाऱ्या मनुष्याचा थोडा वेळ कामांत जातो, व पुष्कळसा वेळ काम येण्याची वाट पाहण्यांत जातो. हा दुसरा वेळ त्यानें कसा घालविला, यावर पहिल्या वेळांतील कामाचा खरेपणा अवलंबून असतो. म्हणून या लेखांत कासवांइतकेंच आमच्या रिकाम्या प्रहरांविषयीं लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अंदमान म्हटलें कीं महाराष्ट्रांतील वाचकांच्या डोळ्यांपुढें काळें पाणी व तेथील तुरुंग उभा राहतो. तो तुरुंग ज्या शहरांत आहे, त्या पोर्ट ब्लेअरचें नांव २०२४ सालीं श्री विजयपुरम् असें ठेवण्यांत आलें. तेथून दक्षिणेस आगबोटीनें कांहीं तास गेलें म्हणजे लिटल अंदमानचें हट बे हें बंदर लागतें. हें बेट सुमारें ७०० चौरस किलोमीटरांचें असून अंदमान समूहाच्या अगदीं दक्षिण टोंकास आहे. त्याच्याही खालीं टेन डिग्री चॅनेल नांवाची रुंद सामुद्रधुनी व तिच्या पलीकडे निकोबार बेटें. बेटाचे मूळचे रहिवासी ओंगे लोक होत. त्यांची संख्या आतां फार थोडी उरली आहे, आणि बेटाचा मोठा भाग त्यांच्याकरितां राखून ठेविलेला असल्यामुळें सरकारी परवान्यावांचून तेथें कोणास पाऊल ठेवितां येत नाहीं. आमचा तळ पश्चिमेकडील वेस्ट बे या किनाऱ्यावर होता. तेथें जाण्यास सडक नाहीं. 'डुंगी' नांवाच्या लहानशा यांत्रिक होडींत तांदळाचीं पोतीं, बटाटे, कांदे, औषधें व माणसें एकत्र रचून हट बेहून बेटाला वळसा घालीत जावें लागतें. आणि समुद्र खवळला तर तेंही साधत नाहीं.

ज्या प्राण्यासाठीं हा खटाटोप, तें चामड्यासारख्या पाठीचें कासव होय. इंग्रजींत त्यास लेदरबॅक म्हणतात. जगांत आज हयात असलेल्या कासवांत हें सर्वांत मोठें. त्याच्या पाठीवर कठीण कवच नसतें. जाड कातडें असतें व त्यावर लांबीच्या दिशेनें सात कंगोरे असतात. पूर्ण वाढलेल्या मादीचें वजन ३०० किलोपेक्षांही अधिक भरूं शकतें, आणि एवढा देह पोसला जातो तो मुख्यतः पाण्यासारख्या मऊ जेलीमाशांवर! मादी बहुधा दोनतीन वर्षांनीं एकदां किनाऱ्याकडे येते. परंतु आली म्हणजे त्या एकाच हंगामांत सुमारें दहा दहा दिवसांच्या अंतरानें अनेक वेळां अंडीं घालते. २६ डिसेंबर २००४ रोजीं आलेल्या त्सुनामीनें या कासवांचे अंदमान-निकोबारांतील किनारे धुऊन नेले. ग्रेट निकोबारवरील गॅलाथिया येथें कासवांच्या अभ्यासाचा जो तळ होता, तोही त्या लाटेंत गेला व त्याबरोबर माणसेंही गेलीं. पुढें हळूहळू वाळू पुन्हां सांचली आणि कासवें परत येऊं लागलीं. लिटल अंदमानच्या किनाऱ्यावर त्यांची हंगामवार नोंद २००८ सालापासून सुरू झाली. २०११ ते २०१४ या काळांत येथील कांहीं माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशीं संपर्क ठेवणारीं लहान यंत्रें बसविलीं, तेव्हां कळून आलें कीं कांहीं माद्या येथून ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याकडे जातात, तर एक आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ मोझांबिककडे गेली. ज्या वाळूवर आम्ही चटई अंथरून बसत असूं, ती अर्ध्या महासागराचें माहेर होती म्हणावयाची!

आमची झोपडी बांबूची, जमिनीपासून कमरेइतकी उंच व पानांनीं शाकारलेली होती. आंत निजण्याचीं मचाणें, त्यांवर मच्छरदाण्या, एका कोंपऱ्यांत धान्याचे पत्र्याचे डबे, व छपरावर विजेऱ्या भरून घेण्याकरितां एक सौर पॅनेल, एवढें आमचें वैभव. आम्ही पांच जण होतों. तिघे मुख्य भूमीवरून गेलेले, आणि दोघे मायाबंदर भागांतील करेन जातीचे. १९२५ च्या सुमारास ब्रह्मदेशांतून कांहीं करेन कुटुंबें जंगलाच्या कामासाठीं मध्य अंदमानांत आणून वसविण्यांत आलीं. त्यांचेच हे वंशज. हे लोक ख्रिस्ती असून अरण्य व समुद्र या दोहोंतही सारखेच वाकबगार असतात. दोघांपैकीं वडील होते त्यांस आम्ही सर्व 'दादा' म्हणत असूं. होडी, कुऱ्हाड, पातेलें आणि प्रार्थनेचें पुस्तक, या चारही वस्तु त्यांच्या हातीं सारख्याच शोभत.

तेथील घड्याळाचें व तेथील सूर्याचें पटत नाहीं. घड्याळ साऱ्या भारताचें एकच. परंतु अंदमान मुंबईच्या पूर्वेस सुमारें वीस रेखांश असल्यामुळें डिसेंबरांत सायंकाळचे पांच वाजून थोडी मिनिटें झालीं नाहींत तोंच सूर्य समुद्रांत बुडे. मुंबईत त्या वेळीं शाळेंतून परतलेलीं मुलें उन्हांत खेळत असतील, आणि आमचा कंदील लागलेला असे! म्हणून आमचें रात्रीचें जेवण साडेपांचास होई. त्यानंतर दोन घटका विश्रांति, व मग काम.

काम सारें रात्रीचें. दोघादोघांनीं मिळून ठराविक वेळांनीं किनाऱ्याचा फेरा करावयाचा. पांढरा उजेड वर्ज्य, कारण उजेड दिसला कीं मादी अंडीं न घालतांच परत फिरते. अगदींच लागली तर तांबड्या प्रकाशाची विजेरी. खाडीच्या मुखाशीं खाऱ्या पाण्यांतील मगरींचा वावर असल्यामुळें एकट्यानें कोठेंही जावयाचें नाहीं, हा तळावरचा पहिला नियम होता. नशिबानें कासव आलें असेल, तर समुद्रापासून वर चढत गेलेला रुंद माग वाळूवर दिसे. मादी अगोदर पुढच्या वल्ह्यांनीं वाळू उडवून बैठक करते. मग मागच्या वल्ह्यांनीं, जणूं तळहातांनींच, ओंजळ ओंजळ वाळू उचलून खोल कुंडी खणते. हें सारें ती न पाहतां करते, कारण कुंडी तिच्या पाठीमागें असते. एकदां अंडीं घालूं लागली म्हणजे ती इतकी तल्लीन होते कीं जवळ जाऊन फितीनें तिची लांबीरुंदी घेतां येते, पूर्वीं कोणीं खूण केलेली आहे काय तें तपासतां येतें. त्या वेळीं तिच्या डोळ्यांतून चिकट पाणी वाहत असतें. पाहणारा म्हणतो, ती रडत आहे. वस्तुतः शरीरांतील जास्त झालेलें मीठ ती त्या वाटेनें बाहेर टाकीत असते. मग खड्डा बुजवून, आजूबाजूची वाळू विसकटून, आपल्या ठेव्याचा पत्ता कोणास लागूं नये अशी तजवीज करून ती समुद्राकडे वळते.

परंतु अशा रात्री थोड्या. कित्येक रात्रीं आम्ही नुसतें चाललों. फेऱ्याफेऱ्यांच्या मध्यें वाहून आलेल्या एका ओंडक्यावर बसून राहिलों. लाटा मोजल्या, तारे ओळखले, आणि पहाटे वहींत शून्य लिहिलें. हें शून्य लिहिणें आमच्या कामांतील सर्वांत कठीण भाग होता, असें सांगितल्यास बालवाचकांस हंसूं येईल. शून्याला कष्ट ते काय? परंतु वहीच्या रकान्यांत कोरी जागा व शून्य यांत महदंतर आहे. कोरी जागा म्हणजे कोणीं पाहिलेंच नाहीं. शून्य म्हणजे आम्हीं रात्रभर पाहिलें, व कासव आलें नाहीं. जो मनुष्य शेवटचा फेरा चुकवून निजला, त्याला शून्य लिहिण्याचा अधिकार राहत नाहीं. आणि ज्याचा दिवस आळसांत, चिडचिडींत किंवा नुसत्या लोळण्यांत गेला आहे, त्याला पहाटेचा तो शेवटचा फेरा पर्वताएवढा वाटतो. आमच्या फावल्या वेळाचा आमच्या शास्त्राशीं संबंध होता तो असा.

आतां दिवसाविषयीं. पहाटे परत आल्यावर चहा, मग झोंप. परंतु सूर्य लौकर वर येई, झोपडी तापे, आणि वाळूंतील बारीक माशा मच्छरदाणीचीं भोकें कोठें आहेत हें आमच्याहून चांगलें जाणत. त्यांचा चावा त्या क्षणीं कळत नाहीं. दुसऱ्या दिवशीं मात्र पायांकडे पाहवत नाहीं. पाणी आणणें, तें उकळणें, लांकडें फोडणें, तांदूळ निवडणें, धुणें धुणें, या कामांच्या पाळ्या लाविलेल्या होत्या. शंखांत राहणारे खेकडे रात्रीं स्वयंपाकघरांत येऊन सांडलेलीं शितें वेंचून नेत. त्यामुळें खरकटें काढण्याची पाळी मात्र कोणास फारशी जड गेली नाहीं.

दुपारच्या जेवणानंतर तीन तास खरे रिकामे. प्रथम प्रथम हे तास आम्हांस खावयास उठत. वर्तमानपत्र नाहीं, दूरध्वनि नाहीं, लहानसा रेडिओ होता तो कधीं लागे, कधीं न लागे. पुस्तकें आणिलेलीं तीं पंधरा दिवसांत संपलीं, व तीं पुन्हां वाचण्याइतकी आवड अजून उत्पन्न झाली नव्हती. मग हळूहळू ज्यानें त्यानें आपली सोय पाहिली. एकानें झाडांचीं पानें कागदांत दाबून त्यांचीं नांवें शोधण्यास आरंभ केला. एक दादांपाशीं बसून जाळें दुरुस्त करण्यास शिकला. आमच्यांतील एक सोबती रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरचा होता. त्याला एके दिवशीं किनाऱ्याच्या कडेस कांटेरी झुडूप दिसलें, व त्याच्या शेंगांत राखाडी रंगाच्या गुळगुळीत बिया सांपडल्या. "अरे, हे तर सागरगोटे!" असें म्हणून तो लहान मुलासारखा नाचला. खरोखरच ते सागरगोटेच होते. ही बी समुद्रांत तरंगते व दूरदूरच्या किनाऱ्यांवर जाऊन रुजते. त्यामुळें कोकणांतील मुलींचा खेळ अंदमानच्या किनाऱ्यावर आम्हां दाढीवाल्यांस आयता मिळाला. दादांनीं तो एका दुपारीं शिकून घेतला, आणि दुसऱ्या दुपारपासून आमच्यांपैकीं कोणास एकही डाव जिंकूं दिला नाहीं.

असा क्रम सुरळीत चालला असतां डिसेंबरांत एक कसोटीचा प्रसंग आला. १६ तारखेस सामान घेऊन यावयाची होडी आली नाहीं. ईशान्येकडील वाऱ्यानें समुद्र उसळत होता, तेव्हां होडीवाल्यांचा दोष नव्हता. पहिले दोन दिवस आम्हीं थट्टेंत काढिले. तिसऱ्या दिवशीं बटाटे संपले. पांचव्या दिवशीं कांदे. तांदूळ व डाळ पुष्कळ होती, तेव्हां उपासमारीचें भय मुळींच नव्हतें. तरी पण माणसाचें मन मोठें विचित्र! पोट भरलेलें असतांही 'संपलें' हा शब्द त्यास बोंचत राहतो. दुपारचे खेळ बंद पडले. जो तो मचाणावर पडून समुद्राकडे कान देऊं लागला. लाटेच्या प्रत्येक आवाजांत होडीचें यंत्र ऐकूं येऊं लागलें.

सहाव्या दिवशीं साखरेचा डबा तळास गेला. आमच्यांतील एकानें आपल्या चहांत दोन चमचे साखर घातली. कोकणांतील सोबती तें पाहून म्हणाला, "दोन चमचे? अरे, जरा मोजून घे कीं!" त्यावर पहिला उत्तरला, "मोजण्यासाठीं रात्रीं कासवें आहेत. दिवसा माझे चमचे मोजूं नकोस." एवढ्याशा बोलण्यावरून दोघांचा अबोला झाला. गंमत अशी कीं, रात्रीच्या फेऱ्याची जोडी त्याच दोघांची होती!

दुसऱ्या रात्रीं भरपूर मोठी मादी आली. अशा वेळीं आमची रीत ठरलेली असे. फीत धरणाऱ्यानें आंकडा मोठ्यानें सांगावयाचा, व लिहिणाऱ्यानें तोच आंकडा परत उच्चारून मग लिहावयाचा. म्हणजे अंधारांत व लाटांच्या गर्जनेंत ऐकण्याची चूक राहत नाहीं. त्या रात्रीं एकानें आंकडा पुटपुटला, आणि दुसऱ्यानें तो परत न उच्चारतां वहीकडे हात नेला. दादा फितीचें दुसरें टोंक धरून बसले होते. ते शांतपणें म्हणाले, "आंकडा परत म्हटल्यावांचून मी फीत उचलणार नाहीं. तुमचें भांडण तुमचें आहे; कासवाला त्यांत ओढूं नका." क्षणभर कोणी बोललें नाहीं. मादी मात्र आपलें काम करीत होती. तिचीं अंडीं एकामागून एक कुंडींत पडत होतीं. शेवटीं एकानें आंकडा स्पष्ट सांगितला, दुसऱ्यानें तो स्पष्ट परत म्हटला, आणि दोन दिवसांनीं त्या दोघांत झालेलें पहिलें संभाषण एका कासवाच्या लांबीविषयींचें ठरलें.

फेऱ्यानंतर ओंडक्यावर बसलों असतां कोकणांतील सोबत्याचें मन मोकळें झालें. साखर हें निमित्त होतें. मागच्या होडीनें आलेल्या पत्रांत त्याच्या आईस ताप येत असल्याचें लिहिलेलें होतें, आणि त्यानंतर एक अक्षरही कळलें नव्हतें. "दिवसभर पडून तोच विचार करतों," तो म्हणाला, "आणि रात्रीं चालतांना पाऊल उचलत नाहीं." ज्याच्याशीं भांडण झालें होतें, त्यानें कांहीं न बोलतां आपल्या अंगावरचें पांघरूण त्याच्या खांद्यावर टाकिलें.

तेव्हां आमच्यांतील एकानें सतीश भास्कर यांची हकीकत काढिली. भारतांतील समुद्री कासवांच्या अभ्यासाचा पाया ज्यांनीं घातला, त्यांत हें नांव अग्रगण्य आहे. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनीं देशाचे व बेटांचे किनारे पायीं तुडवून कोठें कोणतें कासव अंडीं घालतें, याची टिपणें केलीं. लक्षद्वीपांतील सुहेली बेटांवर हिरवीं कासवें भर पावसाळ्यांत अंडीं घालतात. आणि पावसाळ्यांत तर तेथें होडीची ये-जा बंद. मग तीं मोजावयाचीं कशीं? भास्करांनीं सरळ उपाय योजिला. १९८२ सालीं पावसाळ्याच्या तोंडाशीं धान्य घेऊन ते तेथील निर्जन बेटावर एकटेच उतरले, व होडी पुन्हां येईपर्यंत कित्येक महिने तेथें राहिले. त्या एकांतांत जुलै महिन्यांत त्यांनीं आपल्या पत्नीस पत्र लिहिलें, तें एका बाटलींत घालून समुद्रांत सोडून दिलें; आणि सुमारें ८०० किलोमीटर दूर श्रीलंकेच्या किनाऱ्यावर तें एका कोळ्यास सांपडलें. त्या भल्या माणसानें तें टपालानें पाठवून दिलें, आणि सोडल्यापासून महिना उलटण्यापूर्वीं तें त्यांच्या पत्नीच्या हातीं पडलें. भास्करांनीं उत्तर आयुष्य गोव्यांत घालविलें. २०२३ सालीं ते निवर्तले.

गोष्ट ऐकून कोकणांतील सोबती म्हणाला, "बाटली पोंचली हें नवल खरेंच, पण ती पोंचेल या भरंवशावर त्यांनीं पत्र लिहिलें नसेल." आम्हांसही तेंच वाटलें. पत्र लिहिण्याचा लाभ लिहिणाऱ्यास लिहितांनाच मिळतो. पोंचलें तर ती परमेश्वराची वाढीव कृपा. दुसऱ्या दिवशीं दुपारीं तो मचाणावर पडला नाहीं. त्यानें एक कोरी वही घेतली व आईस रोजचें पत्र लिहावयास बसला. काल रात्रीं कासव केव्हां आलें, सागरगोट्यांत कोण हरलें, भातांत खडा कोणास लागला, असें सर्व त्यांत असे. वाचून दाखविण्यास तो लाजत नसे, त्यामुळें त्याची वही हेंच आमचें वर्तमानपत्र झालें. दादांनीं जाळें पुन्हां काढिलें. पानें दाबणारानें पानें काढिलीं. होडी आलीच नव्हती, साखर संपलेलीच होती. परंतु दुपार पूर्वीसारखी खावयास उठेनाशी झाली.

असें करतां करतां नाताळची रात्र आली. गोड कांहीं उरलें नाहीं म्हणून आम्ही खंत करीत होतों, तोंच दादांनीं आपल्या गाठोड्यांतून गुळाची लहानशी ढेप काढिली. ती त्यांनीं प्रभूच्या जन्मदिवसाकरितां राखून ठेविली होती, आणि साखरेवरून भांडण पेटलें असतांही तिचा पत्ता कोणास लागूं दिला नव्हता! कोकणांतील सोबत्यानें नारळ खवून नारळीभात शिजविला. जेवणानंतर दोघां करेन बंधूंनीं आपल्या भाषेंत नाताळचीं गीतें म्हटलीं. शब्द आम्हांस कळत नव्हते. पण एका गीताची चाल अशी निघाली कीं ती आम्हीं आपल्या शाळेंत लहानपणापासून गाइलेली होती. आम्हीं आमच्या मराठी शब्दांनीं त्यांच्या सुरांत सूर मिळविला. मग तांबडी विजेरी घेऊन नेहमींप्रमाणें फेऱ्यास निघालों. त्या रात्रीं एकही कासव आलें नाहीं. नाताळच्या रकान्यांत आम्हीं आनंदानें शून्य लिहिलें.

२६ तारखेची सकाळ मात्र गंभीर होती. २००४ सालीं याच दिवशीं, सकाळीं साडेसहाच्या सुमारास, सुमात्राजवळ समुद्राच्या पोटांत भूकंप झाला व थोड्याच वेळांत या बेटांवर पाण्याच्या भिंती येऊन आदळल्या. हट बे गांवाची फार हानि झाली. आदल्या रात्रीं नाताळ साजरा करून निजलेलीं कितीतरी घरें त्या लाटांनीं नेलीं. शेवटचा फेरा संपवून आम्ही पांचही जण किनाऱ्यावर उभे राहिलों. दादांनीं करेन भाषेंत प्रार्थना केली, आम्हीं मराठींत केली. समोर समुद्र अगदीं निर्दोष बालकासारखा हंसत होता. ज्या गॅलाथियाचें नांव वर आलें आहे, तेथेंही अशीच झोपडी असेल, अशीच वही असेल, आणि वाट पाहण्याच्या वेळांत माणसें असेंच कांहीं ना कांहीं करीत असतील, हा विचार आमच्या मनांत आला. त्यांनीं लिहून ठेविलेलीं टिपणें पूर्वींच सुखरूप पोंचलेलीं होतीं, म्हणूनच लाटेनंतर काय गेलें व काय परत आलें, हें आज सांगतां येतें.

२७ तारखेस होडी आली. बटाटे, कांदे, साखर, टपाल सर्व आलें. कोकणांतील सोबत्यानें थरथरत्या हातानें पत्र फोडिलें. आईचा ताप पहिलें पत्र टाकिलें त्याच्या तिसऱ्याच दिवशीं उतरला होता! जें दुखणें त्यानें इतके दिवस उराशीं वाहिलें, तें घरीं केव्हांच संपलेलें होतें. आणि आई उलट यालाच जपून राहण्याविषयीं लिहीत होती. त्यानें आपली वही त्याच होडीनें घरीं पाठवून दिली. पुढें असें कळलें कीं, ती वही त्याच्या गांवांत घरोघर वाचली गेली.

हा सोबती या कामाकडे वळला कसा, हेंही सांगण्यासारखें आहे. मंडणगड तालुक्यांतील वेळास गांवीं २००२ सालीं सह्याद्रि निसर्गमित्र या संस्थेनें गांवकऱ्यांच्या साह्यानें ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांचीं घरटीं राखण्यास आरंभ केला. शाळेंत असतांना सुट्टींत तो तेथें गेला होता. सायंकाळीं टोपलींतून पिलें वाळूवर सोडतात, तीं पाहण्यास लोक दोन दोन दिवस थांबतात, आणि कित्येकदां एकही पिलूं बाहेर येत नाहीं. "त्या दिवशीं सर्व लोक कंटाळून गेले," तो सांगे, "मी थांबलों, कारण परतीची गाडी सकाळची होती. पहाटे पिलें निघालीं!" त्याच्या आयुष्याची दिशा अशा रीतीनें एका रिकाम्या रात्रींत ठरली.

विद्यार्थिमित्रहो, आपणांपैकीं कोणी पुढें कासवांच्या मागें जाईल, कोणी ताऱ्यांच्या, कोणी रोगजंतूंच्या. ज्या ज्या ठिकाणीं जाल, तेथें वाट पाहण्याचा वेळ कामापेक्षां मोठा असेल. आज गॅलाथियाच्या उपसागरांत मोठें बंदर बांधण्याच्या योजनेस २०२२ सालीं पर्यावरणविषयक मंजुरी मिळालेली आहे. तेथें कासवें किती येतात व उद्यां किती येतील, हा प्रश्न विचारला जाईल तेव्हां उत्तर द्यावयाचें तें अशाच वह्यांतून, त्यांतील आंकड्यांतून आणि त्यांतील शून्यांतून द्यावें लागेल. तीं शून्यें खरीं असावीं, म्हणून कोणीतरी दुपारीं जाळें विणीत, पानें दाबीत किंवा आईला पत्र लिहीत बसलें पाहिजे. पालकांसही आमची एक नम्र सूचना आहे. मुलांच्या सुट्टीचा प्रत्येक प्रहर शिकवण्यांनीं भरून टाकूं नये. कांहीं प्रहर त्यांच्याच हातीं सोडावे, म्हणजे रिकाम्या वेळाची त्यांस भीति राहणार नाहीं.